टेकाडावरून न आणलेला निरोप

हे बोलायला मी आजवर तोंड उघडलेलं नाही. शालनपुढे नाही, लेकीपुढे नाही, आणि देवापुढे म्हणाल — तर तिथंही नुसते ओठ हलवले. आमच्या चर्चमध्ये रविवारी सगळी मंडळी एका सुरात पापकबुलीची प्रार्थना म्हणते. सगळे एकदम म्हणतात, त्यामुळे कुणाचं पाप कुठलं ते कुणाला कळत नाही. माझ्यासारख्याची मोठीच सोय! मी तर आवाज चढवून म्हणतो. मागच्या बाकावरच्या बायका शालनला सांगतात, काकांचा आवाज अजून काय खणखणीत आहे हो.

तर तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. बहुतेक म्हणूनच सांगता येतंय.

सुरुवात गाडीपासून करू का? गाडीबद्दल बोलायला मला आवडतं. हे टाळणंच झालं, कळतंय मला — पण जरा टाळू द्या. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत मी फिटर होतो. उभा जन्म दुसऱ्याची मशीनं जुळवण्यात गेला. रिटायर झाल्यावर एक जुनी व्हॅन घेतली, मागची सीटं उपटून टाकली, लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून घेतली, वर प्लाय, त्यावर गादी. खाली स्टोव्ह, पाण्याचा कॅन, पिठामिठाचे डबे. शालननं जुन्या साड्यांचे पडदे शिवले. मग दोघं त्या गादीवर बसलो आणि दारातच, गाडी जागची न हलवता, चहा प्यायलो. गल्लीतली पोरं हसत होती. हसू देत म्हटलं.

शालन म्हणजे माझी बायको. दवाखान्यात नर्स होती. माझी आई तिथं ॲडमिट होती तेव्हा आमची ओळख झाली, आणि आई बरी होऊन घरी आली तरी मी त्या दवाखान्यात जातच राहिलो. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

सहलीची कल्पना तिचीच. लेक पुण्याला असते, तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. परदेशातली म्हातारी जोडपी थंडी पडली की गाड्या काढून दक्षिणेकडच्या जंगलांत जातात. आज या रानात मुक्काम, उद्या त्या. शालननं तो इतक्यांदा बघितला की मी वैतागलो. शेवटी म्हणाली, आपण पण जाऊ की दक्षिणेला. आता नगरच्या माणसाला दक्षिण म्हटलं की काय आठवणार? आमच्या जिल्ह्याचेच दोन भाग — उत्तर म्हणजे ऊस, पाटाचं पाणी, पेरूच्या बागा. दक्षिण म्हणजे माळ, ज्वारी आणि टँकर. मी म्हटलं, चल, दक्षिण तर दक्षिण! पारनेर, श्रीगोंदा, कर्जत! ती एवढी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. आणि खरंच, नाताळ झाल्यावर, उरलेल्या करंज्या डब्यात भरून आम्ही निघालो.

शालन उत्तरेची, हे सांगायचं राहिलं. राहात्याजवळच्या गावातली, बागायतदार मराठ्याची लेक. मी नगरचा ख्रिस्ती. यात सगळं आलं, नाही का?

ते दिवस कसे होते, ते मला नीट सांगता येत नाही. सगळं अर्धवट झोपेत घडल्यासारखं आठवतं. निघोजला नदीतल्या खडकांना पाण्यानं कोरून रांजण पाडलेत, तिथं ऊन खात बसलो. शालन एकेका रांजणात डोकावून आत पाणी किती खोल असेल ते सांगत होती, मी उगाच नाही म्हणत होतो. पेडगावला भीमेच्या काठी सकाळी उठलो तर नदी नव्हतीच — नुसतं धुकं. धुक्यातून कुणीतरी म्हशींना हाका मारत होतं. म्हैस दिसेना, माणूस दिसेना. शालन स्वेटरवर माझंच जुनं जाकीट घालून, कानाला मफलर बांधून उभी होती. म्हणाली, अवो, आपण मेलो बिलो तर नाही ना? मी म्हटलं, मेल्यावर एवढी थंडी वाजत नसेल.

पुढं कर्जतकडे, रेहेकुरीला. तिथं काळविटांचं अभयारण्य आहे. आत मुक्काम करू देत नाहीत, म्हणून बाहेरच एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावर, बाभळीखाली गाडी लावली. समोर माळ. गवत वाळून पिवळं झालेलं, आणि संध्याकाळी त्यावर असा उजेड पडायचा की जमीन कुठं संपते ते समजू नये. त्यातून काळविटं यायची. चालता चालता एखादं विनाकारण उडी मारायचं. घाबरून नाही, नुसतंच, अंगात आलं म्हणून. शालन माझा हात दाबून बघत राहायची. एवढी वर्षं संसार केला, ड्युट्या केल्या, भांडलो, पण तिला इतकी निवांत मी कधी बघितली नव्हती.

आता फोनचं सांगतो. इथून पुढं मला आवडत नाही.

शालनचा नियम होता — सहलीत फोन एकच. तिचा घरी ठेवलेला, बंद करून. माझा बरोबर, पण तोही डब्यात झाकण लावून. दिवसातून एकदा, संध्याकाळी, मी तो काढायचा आणि रेंज शोधायला जायचं. त्या बांधावर रेंजच नव्हती. जवळ एक टेकाड होतं, त्यावर चढलं की मिळायची. मी वर जायचो, लेकीला फोन करायचो, खाली यायचो. शालन विचारायची, काय म्हणतंय जग? आणि मी तिखटमीठ लावून सांगायचो. लेकीची बॉस काय बोलली, गल्लीत कुणाचं काय वाजलं. ती स्वतः कधी वर आली नाही. म्हणायची, तुम्ही सांगता ते ऐकायलाच बरं वाटतं. मी सांगेन तेवढंच तिचं जग होतं, आणि ते तिनंच आपणहून माझ्या हाती दिलं होतं.

तिच्या माहेराबद्दल थोडं सांगायलाच हवं. आम्ही रजिस्टर लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी राहात्याला पाया पडायला गेलो. पोरवयच ते, आम्हाला वाटलं होतं रागावतील आणि मग पोटाशी धरतील. तिचे वडील, आबा, ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. गड्याला म्हणाले, "त्या माणसाला म्हणावं, अंगणाच्या भाईर हो." शालनला म्हणाले, तुला आत यायचं तर ये, न्हाईतर तूबी जा. ती माझ्याबरोबर बाहेर आली. त्यानंतर त्या घराचा उंबरा तिनं ओलांडला नाही. वर्षांमागून वर्षं गेली. एकच धागा राहिला होता — तिचा धाकटा भाऊ अशोक. मार्केटला आला की गुपचूप आमच्याकडं यायचा, पेरूची पाटी दारात ठेवायचा, अक्का अक्का करत भाकरी खाऊन जायचा. अधूनमधून फोन करायचा. आणि दर वेळी शालन त्याला एकच विचारायची, आबा माझ्याबद्दल काही बोलले का रे? अशोक विषय बदलायचा. तिला दुसरं काही नको होतं हो. इस्टेट नको, मानपान नको. आबांनी एकदा आपलं नाव घ्यावं, एवढंच.

तर त्या संध्याकाळी मी टेकाडावर चढलो. खाली बांधावर शेतकऱ्याच्या बायकोनं आगटी पेटवली होती, हुरडा भाजायला. वरून मला शालन दिसत होती, गोवऱ्यांच्या धुरात डोळे बारीक करून कणसं चोळत असलेली. दोघी बायका कशावरून तरी खिदळत होत्या. फोन चालू केला आणि लगेच वाजला. अशोक होता.

"दाजी, कवापासनं लावतोय! अक्काचा बी बंद. आबा लई थकल्यात. अन्न घेत न्हाईत. सारखं तिचंच चाललंय — शाली कुठाय, शालीला आना. तिला घिऊन या दाजी, आत्ता निगा."

मी म्हटलं, हो, हो. बघतो. सांगतो तिला.

आणि खाली आलो. शालननं गरम हुरडा माझ्या तळहातावर ठेवला, वर गूळ ठेवला, आणि विचारलं, काय म्हणतंय जग? मी म्हटलं — काही नाही, सगळं ठीक आहे.

का?

मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारलाय, आणि दर वेळी मला एक छानसं उत्तर सापडलंय. अंधार पडत होता, आणि मला रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी दिसत नाही. खरं आहे ते. पण शेतकऱ्याचा भाऊ ड्रायव्हर होता, एका शब्दावर आला असता. मग वाटायचं, अंगणाबाहेर काढल्याचा राग होता. होता ना! तो काही कुठं जात नाही. पण टेकाड उतरताना मला अंगण आठवलंच नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. मला फक्त शालन दिसत होती. शेकोटीपुढची, मफलरमधली, हसणारी. माझ्या मनात आलं, आजची रात्र असू दे. उद्या सांगू. एकदा का सांगितलं की ही उठेल, हुरडा तसाच टाकेल, आणि तिकडची होईल. त्यांनी एक हाक मारली की ही धावत जाणार — आणि मी इतकी वर्षं हिला सांभाळली त्याचं काय? असं आलं मनात. म्हातारपणी, डोक्याचे केस गेल्यावर, मी एका मरणाऱ्या म्हाताऱ्याचा हेवा करत होतो. तुम्हाला किळस आली तर माझं काही म्हणणं नाही.

सकाळी सांगणार होतो. सकाळी धुकं होतं. तिनं स्टोव्हवर चहा ठेवला, आणि धुक्यातून काळविटांची एक ओळ आमच्या अगदी जवळून गेली, आवाज न करता. तिनं कप तसाच हातात धरला होता. मी मनात म्हटलं, आता नको. दुपारी ती उन्हात गादी टाकून झोपली. इतकी गाढ की तोंड थोडं उघडं राहिलं होतं. उठवू कसं? बघा, किती सोपं असतं. माणूस म्हणतो आपण मोठा गुन्हा करतोय, आणि प्रत्यक्षात तो नुसता बायकोला झोपू देत असतो.

संध्याकाळी टेकाडावर जावंसं वाटत नव्हतं. पण न जावं तर तिनं विचारलं असतं. गेलो. अशोकचा फोन आला. आणि आता मला ते सांगायचंय जे सांगायला मी इथवर फिरत फिरत आलो.

तो म्हणाला, काय म्हनली अक्का? कुटवर आलात? आवाजात नुसती आशा होती हो. मला सांगता आलं असतं, अशोक, माझी चूक झाली, आत्ता निघतो. एवढंच. पण मग कालच्या दिवसाचं काय सांगणार होतो? काल का नाही निघालात, असं त्यानं विचारलं असतं, तिनं विचारलं असतं. मला लाज वाटली. आणि लाज झाकायला मी म्हणालो, "ती नको म्हणतेय, अशोक. मी लई सांगून बघितलं. तिच्या मनातनं जुनं जात नाही."

तो म्हणाला, बरं. आणि फोन ठेवला.

म्हणजे काय झालं ते लक्षात येतंय ना तुमच्या? लेकीला बापाचा निरोप दिला नाही, एवढ्यावर मी थांबलो नाही. बापाला लेकीचा खोटा निरोप दिला. तिच्या तोंडी नकार घातला. ती खाली माझ्यासाठी पिठलं करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टेकाडावर गेलो. का गेलो, माहीत नाही. अशोकचा मेसेज पडला होता. आबा गेले. यायचं तर या.

तेव्हा मी तिला सांगितलं. आत्ताच कळलं, म्हटलं. ती उठून गादी गुंडाळायला लागली. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यामागे आम्ही, कुठं पुढं जायला वाव नाही. नगर ओलांडल्यावर ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "परक्यांच्या किती बापांना शेवटचं पाणी पाजलं मी. ड्युटीवर असताना. नातेवाईक पोचले नाहीत की मीच पाजायचे. आपल्याला नुसतं कळलं असतं तर..." मी गिअर बदलला. मी खरंच गिअर बदलला, त्याची काही गरज नव्हती.

आबांच्या अंगणात माणसं होती. मी शालनच्या कोपराला धरून चाललो, एक पाऊल सोडलं नाही. लोकांना वाटलं, जावई किती जपतो. मी जपत नव्हतो, राखण करत होतो — ती आणि अशोक एकटे समोरासमोर येऊ नयेत म्हणून. तरी आलेच. अशोक तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आता कशाला आलीस?" तिला वाटलं, हे घर अजून तेच घर आहे. त्याला वाटलं, हिला लाज कशी नाही. मधे मी उभा होतो, दोघांनाही सगळं सांगू शकणारा एकटा माणूस, आणि मी म्हटलं, चल शालन.

त्यानंतर पेरूची पाटी आली नाही. तिनं फोन केले, त्यानं उचलले नाहीत. राखी पोस्टानं पाठवते अजून, दर वर्षी. उत्तर नाही. अशोकच्या मुलीचं लग्न झालं ते आम्हाला बाजारात तिसऱ्याकडून कळलं. शालन म्हणाली, जाऊ दे, बापासारखाच निघाला. मी मान हलवली. भावाबहिणीचं चांगलं चाललेलं नातं मी तोडलं आणि वर भावाला नावं ठेवताना साथही दिली. दोघं मानी आहेत, एकमेकांना विचारणार नाहीत, या भरवशावर मी आजवर जगलोय. जेवतो, झोपतो, चर्चमध्ये मोठ्यानं म्हणतो.

आणि तिला ते दिवस फार प्रिय आहेत. हे सगळ्यात वाईट. थंडी पडली की म्हणते, काय दिवस होते नाही ते, आबा जायच्या आधीचे? ते धुकं, ती काळविटं. तेवढं सुख पदरात पडलं म्हणून पुढचं सोसलं, म्हणते. मग थोड्या वेळानं, भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, हळूच म्हणते, जाताना तरी माझं नाव घ्यायला हवं होतं त्यांनी. मी कधी म्हणतो, घेतलं असेल गं. ती म्हणते, असेल कशाला, घेतलं असतं तर अशोकनं कळवलं नसतं का?

एक गोष्ट मी तुमच्यापासूनही लपवली. वाटलं होतं, तेवढी राहू द्यावी. दुसऱ्या संध्याकाळी, मी तो नकार सांगायच्या आधी, अशोक म्हणाला होता, थांबा दाजी, आबांनाच देतो. फोनची खरखर झाली. मग आबांचा आवाज आला, बारीक, दम लागलेला. अंगणातल्या त्या दिवसानंतर त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते म्हणाले, "जावई. माजं चुकलं. शालीला आना. तुमीबी या, आत या."

म्हणजे माझ्याजवळ रागाचंही कारण उरलं नव्हतं. माफी माझ्या कानात पडली होती, आणि त्यानंतर मी अशोकला सांगितलं की ती नको म्हणते.

तिच्या वडिलांनी तिचं नाव घेतलं होतं. चूक कबूल केली होती. आजवर हे मला आणि अशोकला माहीत होतं. आता तुम्हालाही झालं. तिला अजून नाही.